खिडकीतून दिलेला मुलगा

नववीला रक्ताचा धडा मी इतकी वर्षं शिकवला की पुस्तक न उघडताही शिकवीन. पिवळसर रक्तद्रव, त्यात तरंगणाऱ्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या रक्तपट्टिका. तांबडी पेशी फुफ्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवते, साधारण चार महिने जगते आणि मग फुटते. फुटली की तिच्यातल्या तांबड्या रंगाचं पुढे एक पिवळं द्रव्य होतं आणि यकृत ते बाहेर टाकतं. वर्गातली एखादी मुलगी विचारायचीच, "बाई, मग रक्त संपत कसं नाही?" मी सांगायचे, हाडांतल्या मज्जेत रोज नवीन तयार होतं, शरीराला स्वतःची काळजी असते. हे मी फार तोऱ्यात सांगायचे. तेव्हा मला मूल नव्हतं.

शाळा तुळिंजला होती आणि आमचं घरही तिथेच, बाजाराच्या वर तिसऱ्या मजल्यावर. नव्वदीच्या दशकातलं तुळिंज म्हणजे इमारती आधी उभ्या राहत. रस्ता, पाणी आणि गटार मागून येत किंवा येतच नसत. नवरा सकाळी मुंबईला नोकरीवर जाई तो अंधार पडल्यावर येई. माझं माहेर वसईच्या किनाऱ्याकडे, केळी, मोगरा आणि पानवेलींच्या वाडीत. दोन्ही ठिकाणं एकाच तालुक्यातली, पण आईला विचाराल तर तिने मुलगी परदेशी दिली होती. "तुमच्या तिकडे चिमणीलासुद्धा बसायला जागा नाय," असं ती येईल त्याला सांगायची. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच होतं. त्यात मला काही विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. आई करणार म्हटल्यावर मी निर्धास्त होते.

मुलगा झाला. वजन चांगलं, रडणं खणखणीत. तिसऱ्या दिवशी आम्हाला प्रसूतिगृहातून वाडीतल्या घरी आणलं आणि मला बाळंतिणीच्या खोलीत ठेवलं. 'ठेवलं' हाच शब्द बरोबर आहे. माजघराच्या मागची खोली, एक दार, लाकडी गजांची एक खिडकी, आणि वारं लागेल म्हणून तीही बंद. खाटेखाली शेगडी, खोलीभर ओव्याची धुरी, माझ्या कानांना पट्टी. वाचायचं नाही, डोळे जातात. पाणी मागितलं की उकळून कोमट केलेलं मिळायचं, तेही अर्धा पेला. बाहेर यायचं ते फक्त न्हाणीपुरतं. सुवेराचा विटाळ म्हणून बाबा आत येत नसत. ते ओटीवरून विचारायचे, "काय गं, बरी आहेस ना?" आणि माझ्या वतीने आई उत्तर द्यायची. असा सव्वा महिना काढायचा होता. मला दुसऱ्याच दिवशी वर्गातला कलकलाट आठवून रडू आलं.

आमच्या घरात बारशाआधी बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. नवं टोचतं, आणि त्याला नजरही लागते. घरात वाढून मोठ्या झालेल्या मुलांचे जुने कपडे घालायचे, म्हणजे त्यांचं आयुष्य बाळाला लाभतं. त्यासाठी एक पत्र्याची ट्रंक होती. बाबा, त्यांची भावंडं, नंतर मी, अशा सगळ्यांची झबली, टोपडी, कुंच्या आणि जुन्या लुगड्यांची दुपटी तिच्यात होती. वाडीतल्या दमट हवेत कापडाला कसर लागायला वेळ लागत नाही, म्हणून आई ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकायची, आणि मी येणार म्हणून त्या वर्षी तिने त्या सढळ हाताने टाकल्या होत्या. पावसाळ्यामुळे ऊन नव्हतं. तिने कपडे झटकले, एकेकावर इस्त्री फिरवली आणि नातवाला घातले. त्यांना गोळ्यांचा वास येत होता. मला तो लहानपणापासून आवडायचा. मी टोपडं नाकाला लावून हुंगलं आणि म्हटलं, "आता घरी आल्यासारखं वाटलं." आई खूश झाली.

बाळाला न्हाऊ घालायला कोळीवाड्यातली एक मावशी यायची. डाळीचं पीठ, साय आणि हळद लावून ती त्याला असा काही रगडायची की मीच डोळे मिटून घ्यायचे. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाय, रंग बघ कसा उजळलाय पोराचा, सोन्यावानी. हळद मानवली त्याला. कोनाची नजर लागाया नको." मी बघितलं. तो खरंच पिवळा दिसत होता. पण धुराने काळवंडलेल्या त्या खोलीत साठ वॅटच्या दिव्याखाली सगळंच पिवळं दिसायचं, माझे स्वतःचे हातसुद्धा. शिवाय नव्या बाळांना थोडी कावीळ होतेच, हे मलाही ठाऊक होतं. मी त्याला पुसून परत दुपट्यात गुंडाळलं.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी पाचवी होती, म्हणजे सटवाईची पूजा. ती त्या दिवशी येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. सकाळपासून आईची धावपळ चालली होती. पाटा-वरवंटा धुऊन मांडला, वाडीतली फुलं आणली, कोरा कागद आणि लेखणी ठेवली. आणि सकाळपासून माझा मुलगा दूध ओढत नव्हता. तोंडाला लावलं की दोनदा ओढायचा आणि झोपायचा. गालाला टिचकी मारली तरी डोळे उघडायचा नाही. "शांत पोर आहे, तुझ्यासारखं रडकं नाय," आई म्हणाली. दुपारी मी त्याचा लंगोट बदलला आणि त्यावरचा डाग बघितला. डाग कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. मी त्याला उचलून दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात नेलं, पोटावर बोटाने दाबलं आणि सोडलं. दाबलेली जागा हळदीपेक्षा पिवळी होती, आणि ती पुसून निघत नव्हती.

जो धडा मी फळ्यावर शिकवत होते तो माझ्या मांडीवर पडला होता. पिवळं आणि लघवीला तांबूस काळं, म्हणजे तांबड्या पेशी चार महिने थांबायला तयार नव्हत्या. त्या आत्ताच फुटत होत्या, भराभर. का फुटत होत्या ते मला कळत नव्हतं. पण ते पिवळं द्रव्य फार साठलं तर मेंदूत उतरतं आणि मग मूल वाचलं तरी वाचल्यासारखं राहत नाही, एवढं मी वाचलेलं होतं. त्या क्षणी मला वाटलं की हे माहीत नसतं तर बरं झालं असतं. मी आईला हाक मारली.

"आई, याला आत्ता डॉक्टरकडे न्यायचंय."

"उद्या उजाडल्याबरोबर मी स्वतः नेते. आज सटवाईचा दिवस."

"उद्यापर्यंत थांबता येणार नाही. तो दूध पीत नाहीये. हा लंगोट बघ."

तिने लंगोट बघितला. तिचा चेहरा बदलला, पण ती दारातून हलली नाही. "आज पोराला उंबऱ्याबाहेर काढायचं नाय," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. असा राग मला आयुष्यात आणखी कुणाचा आलेला नाही. मी टाके विसरून उठले, मुलाला दुपट्यात गुंडाळलं आणि दाराशी गेले. आई दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. ती माझ्यापेक्षा उंचीने कमी, पण वाडीत पाण्याचे हंडे उचलून तिचे दंड माझ्या दुप्पट झालेले. धक्का देऊन जावं तर हातात मूल. मागे शेगडीचा धूर, पुढे आई. मी ओरडले, "अगं, मरेल तो!"

"मला सांगतेस?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुझ्या आधीचा माझा याच खोलीत झाला. मला माहेर कुठे होतं जायला? तो पण असाच पिवळा पडला. मी ऐकलं नाय कुणाचं. पाचवीच्या दिवशी तिन्हीसांजेला पदराखाली घेतला आणि वैद्याकडे पळाले. सकाळी तो गेला. सटवाई त्या दिवशी उंबऱ्यावर बसलेली असते. तुझी आजी म्हणाली, तिला ओलांडून नेलास, तिनेच काढून घेतला. आता परत मी तेच करू?"

मला एक भाऊ होता हे मी नातेवाइकांच्या कुजबुजीतून ऐकलं होतं. आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. तिला मी काय सांगणार होते? देवी उंबऱ्यावर बसत नाही म्हणून? मी बी.एस्सी., बी.एड., माझ्या हातात मरायला टेकलेलं मूल, आणि त्या दारातून मला बाहेर काढील असं एकही वाक्य मला येत नव्हतं. मी परत खाटेवर बसले.

ओटीवर बाबांनी सगळं ऐकलं होतं. ते मुळात कमी बोलणारे, घरातल्या बायकांच्या गोष्टीत तर कधीच न पडणारे. ते ओटीवरून उठून वाडीच्या बाजूने घरामागे गेले. खिडकीवर बाहेरून थाप पडली. आईने खिडकी उघडली तर गजांच्या पलीकडे बाबा, डोक्यावर इरलं, चिखलात उभे. त्यांनी मधला गज दोन्ही हातांनी धरला आणि हिसके द्यायला लागले. खालच्या बाजूने तो वाळवीने खाल्लेला होता. तिसऱ्याचौथ्या हिसक्याला तो भुसा उडवत निघाला.

"उंबऱ्यावरून नको ना?" बाबा म्हणाले. "मग इथून द्या."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. तिचं काय गणित चाललं होतं ते मला दिसत होतं. ती पुढे झाली, माझ्या मांडीवरून मुलाला घेतलं, ट्रंकेतलं आणखी एक दुपटं त्याच्याभोवती घट्ट लपेटलं आणि दोन गजांमधून आधी डोकं, मग अंग, असं स्वतःच्या हातांनी बाहेर बाबांच्या हातात दिलं. मी मात्र दारातूनच गेले, सरळ उंबऱ्यावर पाय देऊन. माझी कुणालाच पर्वा नव्हती, बाळंतिणीची सटवाईलाही नसावी.

रस्त्यापर्यंत आम्ही केळीतून चालत गेलो. रिक्षात बाबांनी मुलाला माझ्याकडे दिलं तेव्हा तो एकदा रडला, बारीक, चिरका, त्याचा नसलेला आवाज. मी सबंध रस्ताभर त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले होते.

वसईतल्या लहान मुलांच्या डॉक्टर बाईंनी त्याला दुपट्यासकट उचललं आणि तिथेच थबकल्या. त्यांनी दुपटं नाकाशी नेलं. "हे कपडे कशात ठेवले होते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लगेच त्याचे सगळे कपडे उतरवले, पिशवीत कोंबून खोलीबाहेर ठेवायला सांगितले आणि अंग पुसून त्याला निळ्या दिव्यांच्या काचेच्या पेटीत ठेवलं. रक्त तपासलं. पिवळं द्रव्य इतकं वाढलं होतं की नुसत्या दिव्यांनी भागणार नव्हतं, रक्त बदलावं लागणार होतं. बाबांनी नाक्यावरच्या फोनवरून नवऱ्याला कळवलं आणि तो रक्तपेढीतून रक्ताची पिशवी घेऊन परस्पर तिकडे आला. ती पिशवी त्याने तान्हं मूल धरावं तशी जपून आणली होती.

रक्त बदलणं म्हणजे काय ते मी दाराच्या काचेतून बघितलं. बेंबीतून बारीक नळी घालतात. सिरिंजने थोडं रक्त काढायचं, तेवढंच दुसरं घालायचं. परत थोडं काढायचं, परत घालायचं. काढलेलं रक्त टाकून द्यायचं. माझ्या पोटात नऊ महिने तयार झालेलं रक्त त्या बाई शांतपणे टाकून देत होत्या आणि कुणा अनोळखी माणसाचं माझ्या मुलात भरत होत्या, आणि मी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात हात जोडत होते. मला आत जायची परवानगी नव्हती. खोली बदलली होती एवढंच, मी परत एका बंद दाराशी उभी होते. या वेळी आत तो होता.

तो वाचला. दुसऱ्या दिवशी त्याने इतक्या जोरात दूध ओढलं की मी कळवळले आणि हसले. आज तो माझ्यापेक्षा उंच आहे आणि त्याला कशाचीच पडलेली नाही.

रक्त बदलण्याआधीचा त्याचा नमुना डॉक्टर बाईंनी मुंबईला पाठवला होता. आम्ही घरी जायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला एकटीला बोलावून समजावलं. तांबड्या पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते पेशीला काही विषारी गोष्टींपासून सांभाळतं. याच्या पेशीत ते जन्मापासून फार कमी आहे. एरवी काही बिघडत नाही, पण डांबरगोळ्यांची वाफ, मलेरियाची आणि आणखी काही औषधं अंगात गेली की पेशी फुटायला लागतात. तेवढं सांभाळलं की हा धडधाकट राहील.

"हे मुलाला आईकडून येतं," त्या म्हणाल्या. "मुलींना सहसा त्रास होत नाही, त्यांच्याकडे दुसरी चांगली प्रत असते. तुमच्यात हे तुमच्या आईकडून आलेलं असू शकतं. तुम्हाला भाऊ आहे?"

"होता," मी म्हटलं.

मी बाकावर येऊन बसले आणि मला सगळं एकदम दिसलं. बाबांच्या पिढीतली सगळी मुलं त्याच ट्रंकेतल्या कपड्यांत वाढली, त्यांना काही झालं नाही. मी वाढले, मुलगी म्हणून निभावले. त्या कपड्यांवर कुणी संशय घ्यावा असं काही घडलंच नव्हतं. आईच्या बाजूचं रक्त आणि बाबांच्या घरची ट्रंक, दोन्ही एकत्र आलं ते फक्त दोन मुलग्यांच्या वाट्याला. मी ठरवलं की आईला यातलं काही सांगायचं नाही. खिडकीने नातू वाचवला असं ती दवाखान्यात भेटेल त्याला सांगत होती, समोरच्या खाटेवरच्या बाईंना तर दोनदा. सांगू दे.

दुपारी ती आली ती हसतमुख. हातातली कापडी पिशवी तिने खाटेवर उपडी केली. झबलं, टोपडं, कुंची. "उकळून धुतलेत सगळे," ती म्हणाली. "शेगडीवर टोपली घालून वाळवले. बघ कसे मऊ झालेत."

वास अजून होता.

"आई, डॉक्टरांनी नवीन कपडे घालायला सांगितलेत," मी म्हटलं.

"बारशाआधी नवे? त्यांना काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून ती मुलाला टोपडं घालायला वाकली. मी तिच्या हातातून ते हिसकावून घेतलं. आता सुटका नव्हती. मी तिला बसवलं आणि नववीच्या पोरींना सांगते तसं सगळं सांगितलं, पेशी, विकर, गोळ्यांची वाफ, आईकडून मुलाकडे. एक गोष्ट तेवढी गाळली. पण आई चौथी शिकलेली असली तरी मठ्ठ नव्हती.

"म्हणजे माझ्या त्यालाही हेच झालं," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"मग सटवाईचा काही संबंध नाय?"

"नाही."

"उंबऱ्याचा?"

"नाही, आई. तू त्याला वैद्याकडे नेलंस ते बरोबरच केलंस."

तिने डोळे मिटले. तिच्या कपाळावरची कायमची आठी सैल झाली, आणि मला क्षणभर अभिमान वाटला. माझ्या वयाहून जास्त वर्षं तिने तो उंबरा छातीवर वागवला होता आणि मी तो उतरवला होता. मग तिने डोळे उघडले आणि माझ्या हातातलं टोपडं काढून घेऊन मांडीवर सपाट केलं.

"त्याच्या वेळी ट्रंक मीच भरली," ती म्हणाली. "तुझी आजी म्हणाली, पुरे झाल्या गोळ्या. पहिलं पोर म्हणून मी आणखी मूठभर टाकल्या."

"तुला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं."

"हो," ती म्हणाली. माझं म्हणणं तिने ऐकलं होतं, पण ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. ती टोपड्याचे बंद सरळ करत राहिली.

"दर वर्षी त्याच्या पाचवीच्या दिवशी मी सटवाईची ओटी भरते," ती म्हणाली. "तुम्हाला कुणाला सांगितलं नाय कधी. तिची माफी मागते. म्हणते, बाई, चुकून तुला ओलांडलं, पोरापायी माझी मती गेली होती. मागितली की जरा बरं वाटतं." मग तिने वर बघितलं. "आता मी माफी कोणाची मागू?"

ती खरंच विचारत होती. आमच्या घरात शिकलेली मी एकटीच होते, आणि ती माझ्याकडे बघत थांबली होती.